आरोग्य विमा पोर्ट केला, त्याला वर्ष झाले : सगळा घोळ एका तारखेचा

जुन्या कंपनीकडचा आरोग्य विमा नव्या कंपनीकडे पोर्ट करून आता वर्ष उलटले आहे. हप्ता, खोलीभाडे, रुग्णालयांची यादी यांची तुलना कुठेही वाचायला मिळते, त्यामुळे त्यात मी शिरत नाही. मला लिहायचे आहे ते पॉलिसी शेड्यूलमधल्या, म्हणजे पॉलिसीचा तपशील छापलेल्या पानावरच्या, एका रकान्याविषयी. विमा पहिल्यांदा कोणत्या तारखेला सुरू झाला, हे त्या रकान्यात छापलेले असते आणि ज्याला मधुमेहासारखा जुना आजार आहे, त्याच्या दृष्टीने वरच्या ओळीतल्या दहा लाखांच्या विमा रकमेपेक्षा या तारखेचे मोल जास्त आहे.

मला मधुमेह आणि रक्तदाब दोन्ही आहेत. २०१३ पासून पत्नी आणि मी एकाच कंपनीच्या फ्लोटर पॉलिसीत (दोघांत मिळून एकच विमा रक्कम) होतो आणि मध्ये एकदाही खंड पडू दिला नव्हता. विमा रक्कम तीन लाख होती, साठलेला बोनस धरून साडेचार लाख झाली होती. खोलीभाड्यावर विमा रकमेच्या एक टक्क्याची मर्यादा होती. त्याहून महागडी खोली घेतली की केवळ भाड्यातला फरक नव्हे, तर शस्त्रक्रियेपासून डॉक्टरांच्या फीपर्यंत बहुतेक खर्च त्याच प्रमाणात कापला जातो, हे ठाऊक असूनही आम्ही बरीच वर्षे ती पॉलिसी चालवली. मात्र हप्ता वाढत राहिला आणि मर्यादा जागची हलली नाही, तेव्हा मार्च २०२५ च्या नूतनीकरणाला कंपनी बदलली.

नियम ग्राहकाच्या बाजूचे आहेत, हे आधी मान्य करतो. आपल्याकडे पोर्टेबिलिटी २०११ पासून आहे. १ एप्रिल २०२४ पासून जुन्या आजारांसाठीचा प्रतीक्षा काळ, म्हणजे त्या आजारांचा क्लेम मिळत नाही तो सुरुवातीचा काळ, जास्तीत जास्त ४८ वरून ३६ महिन्यांवर आला, तर मोरॅटोरियमचा काळ आठ वर्षांवरून पाच वर्षांवर आला. म्हणजे सलग ६० महिने विमा चालू असेल, तर फसवणूक सिद्ध झाल्याखेरीज ‘तुम्ही आजार लपवला’ असे म्हणून क्लेम नाकारता येत नाही. पोर्ट करताना हे दोन्ही काळ, जितके भरले असतील तितके, नव्या पॉलिसीत जमा धरावे लागतात. विमा नियामकाच्या मे २०२४ च्या परिपत्रकाप्रमाणे जुन्या कंपनीने ७२ तासांत माहिती द्यायची आणि ती मिळाल्यापासून पाच दिवसांत नव्या कंपनीने निर्णय कळवायचा असतो. माझ्या बाबतीत हे वेळापत्रक पाळले गेले. अर्जात मी मधुमेह, रक्तदाब, चालू औषधे सगळे लिहिले होते, रक्ततपासणीचे अहवाल जोडले होते आणि २०१३ पासूनची सगळी शेड्यूल्सही दिली होती. हप्त्यावर थोडे लोडिंग, म्हणजे आजारांमुळे जादा आकार, लावून कंपनीने प्रस्ताव स्वीकारला. नकार देण्याचा अधिकार नव्या कंपनीला असतो, तेव्हा लोडिंगबद्दल माझी तक्रार नाही.

तक्रार पुढची आहे. पॉलिसी हाती आली तेव्हा त्या रकान्यात २०१३ ऐवजी २०२३ हे वर्ष छापलेले होते. मी त्याच आठवड्यात ई-मेल केला. उत्तर आले की पोर्टेबिलिटीचे आपले सर्व लाभ अबाधित आहेत, निश्चिंत राहावे. एजंटाचेही तेच म्हणणे, ‘अहो साहेब, सिस्टीममध्ये सगळं असतं, कागदावरच्या तारखेचं काय घेऊन बसलात?’ पुढे दोनदा आठवण करून दिली, तरी शेड्यूल काही बदलून मिळाले नाही.

नोव्हेंबरमध्ये पायाच्या जखमेत जंतुसंसर्ग होऊन मला दाखल व्हावे लागले. रुग्णालयाने कॅशलेससाठी पाठवलेल्या कागदावर डॉक्टरांनी ‘मधुमेह, १२ वर्षांपासून’ अशी नोंद केली होती, आणि ती खरी होती. कंपनीच्या वतीने क्लेम तपासणाऱ्या टीपीए या संस्थेचा प्रश्न तासाभरातच आला. आजार १२ वर्षांचा आहे, विमा २०२३ पासूनचा आहे आणि ३६ महिने पूर्ण झालेले नाहीत, तरी त्यापूर्वीच्या सलग विमा संरक्षणाचा पुरावा द्यावा. जो पुरावा अर्जासोबतच त्यांच्याकडे गेला होता, तो पायाला ड्रेसिंग बांधलेल्या अवस्थेत मोबाइलवरून पुन्हा पाठवायचा होता. पाठवलाही. त्यावर ‘कागदपत्रे तपासासाठी वर्ग केली आहेत’ इतकेच उत्तर आले आणि डिस्चार्जच्या दिवशी संपूर्ण बिल खिशातून भरून घरी आलो.

इथवर माझा सगळा राग नव्या कंपनीवर होता आणि त्याच भरात लिहिले असते तर हा अनुभव एका परिच्छेदात संपला असता. पण जुनी शेड्यूल्स ओळीने मांडून बसलो, तेव्हा गोष्ट निराळी निघाली. दर नूतनीकरणाला पॉलिसीचा क्रमांक बदलतो आणि नव्या शेड्यूलवर ‘मागील पॉलिसी क्रमांक’ छापला जातो. सातबाऱ्यावरचे फेरफार जसे एकेक करत मागे नेता येतात, तसे या क्रमांकांवरून पहिल्या वर्षापर्यंत पोहोचता येते. माझी साखळी २०२३ मध्ये तुटली होती. त्या वर्षी जुन्या कंपनीने आमची योजना बंद करून सगळ्या ग्राहकांना दुसऱ्या योजनेत हलवले होते, आणि त्या शेड्यूलवर मागील क्रमांकाची जागा कोरी होती. कंपनीच्या अंतर्गत अशा बदलालाही प्रतीक्षा काळाची जमा मिळते, ती मायग्रेशनच्या नियमातच आहे. मात्र पोर्टिंगच्या वेळी जुन्या कंपनीने जी माहिती पुढे पाठवली, ती नव्या योजनेच्या जन्मतारखेपासूनची होती. नव्या कंपनीने आले ते छापले. अर्थात फाइलमध्ये जोडलेली दहा वर्षांची शेड्यूल्स कोणी उघडून पाहिली नाहीत, हा तिचा दोष उरतोच.

मग जुन्या कंपनीकडे सलग विम्याचा दाखला मागितला. शाखेत उत्तर मिळाले, ‘आता तुम्ही आमचे ग्राहक नाही.’ बारा वर्षे हप्ता भरलेल्या माणसाला हे वाक्य ऐकवायला काउंटरवरच्या गृहस्थांना जराही अवघड वाटले नाही. तक्रार निवारण कक्षाला लेखी कळवले, तिथून काही हालचाल दिसेना तेव्हा विमा नियामकाच्या ‘बीमा भरोसा’ पोर्टलवर तक्रार नोंदवली. त्यानंतर पत्र आले. त्यात वर्षवार तारखा होत्या, दोघांची नावे होती, पण कोणत्या वर्षी विमा रक्कम किती होती हे नव्हते. हे किरकोळ नाही. जुन्या आजाराच्या प्रतीक्षेची जमा जुन्या विमा रकमेपुरती, आणि बोनसइतकी रक्कम वाढवून घेतली असेल तर तेवढ्यापुरतीही मिळते. माझ्या दहा लाखांपैकी साडेचार लाखांना २०१३ पासूनची जमा आहे, उरलेल्या साडेपाच लाखांसाठी प्रतीक्षा नव्याने सुरू झाली आहे. ‘सगळं पोर्ट होतं’ असे एजंट सांगतात, ते अर्धेच खरे असते. विमा रकमेचा रकाना असलेले दुसरे पत्र मिळवायला पुन्हा तितकीच लिखापढी करावी लागली.

दुसरे पत्र पोहोचल्यावर मात्र नव्या कंपनीचे काम झपाट्याने झाले, हे नमूद केले पाहिजे. तारीख दुरुस्त करणारी एंडॉर्समेंट, म्हणजे पॉलिसीला जोडलेली लेखी दुरुस्ती, आली, तीत साडेचार आणि साडेपाच लाखांची विभागणी स्पष्ट लिहिलेली होती, आणि क्लेमची रक्कम बँकेत जमा झाली. हातमोजे वगैरे किरकोळ वस्तूंची कपात झाली, ती सगळीकडेच होते. बिल साडेचार लाखांच्या बरेच आत होते म्हणून विभागणीचा फटका बसला नाही. खोलीभाड्याची मर्यादा नसल्यामुळे जुन्या पॉलिसीपेक्षा हाती अधिक पैसे आले, हेही प्रामाणिकपणे सांगतो. पैसे अडकले तेवढ्या काळाचे मुदतठेवीवरचे व्याज बुडाले, ते कोणी देणार नाही.

विमा लोकपालाकडे जायची वेळ आली नाही. तिथे शुल्क लागत नाही, वकीलही लागत नाही, आणि ५० लाखांपर्यंतचे वाद चालतात, म्हणून अर्ज मात्र तयार करून ठेवला होता.

ही कंपनी मी सोडणार नाही. यंदाच्या मार्चमध्ये नूतनीकरण केले, तेव्हा २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा १८ टक्के जीएसटी गेलेला असल्याने लोडिंग धरूनही हप्ता हलका वाटला. पोर्ट करणाऱ्याने विचारलेच, तर मी इतकेच सांगेन की जुन्या कंपनीत ग्राहक असतानाच, अर्ज करण्यापूर्वी, वर्षवार तारखा आणि विमा रकमा असलेले पत्र मागून घ्यावे, आणि तुमची योजना मध्येच कधी बंद होऊन बदलली असेल तर त्या वर्षाची दोन्ही शेड्यूल्स वेगळी काढून ठेवावीत. जुन्या कंपनीच्या ॲपवर विसंबू नये, कारण पोर्ट झाल्यावर माझे लॉगिनच बंद झाले.

नव्या वर्षाचे शेड्यूल आले आहे. माझ्या नावासमोर आता २०१३ आहे. त्याच पानावर पत्नीच्या नावासमोर अजून २०२३ आहे, आणि दोघांचीही नावे असलेले ते पत्र जोडून मी पुन्हा ई-मेल केला आहे. उत्तर आले आहे की आपले सर्व लाभ अबाधित आहेत. एंडॉर्समेंट हाती पडेपर्यंत मी लिहीत राहणार आहे.