खासदाराची भूमिका शोधताना 'एमपी ट्रॅक' कितपत उपयोगी पडतो?

वैयक्तिक डेटाचे संरक्षण, दूरसंचार, ऑनलाइन गेमिंग अशा विषयांवर आपल्या खासदाराने संसदेत नेमके काय म्हटले आहे, हे ज्याला जाणून घ्यायचे आहे त्याने पीआरएस लेजिस्लेटिव्ह रिसर्च या दिल्लीतील संस्थेच्या 'एमपी ट्रॅक' या सेवेपासून सुरुवात करावी, असे मी गेली काही वर्षे ती वापरल्यानंतर निःशंकपणे सांगेन. 2005 पासून संसदेच्या कामकाजाचा अभ्यास करणाऱ्या या संस्थेने दोन्ही सभागृहांच्या अधिकृत नोंदींवरून प्रत्येक खासदाराची उपस्थिती, चर्चेतील सहभाग, विचारलेले प्रश्न आणि मांडलेली खासगी विधेयके (मंत्री नसलेल्या सदस्याने स्वतः मांडलेली विधेयके) अशी चार प्रकारची माहिती एका पानावर आणली आहे आणि तिच्या शेजारी देशाची व राज्याची सरासरीही दिली आहे. या पानासाठी पैसे पडत नाहीत. निवडणुका जवळ आल्या की खासदारांची जी प्रगतिपुस्तके छापून येतात, त्यांचा आधार अनेकदा हीच आकडेवारी असते.

माझा आक्षेप सेवेवर नाही, ती वाचण्याच्या आपल्या सवयीवर आहे. आकडा पाहून आपण थांबतो. पण खासदाराची भूमिका आकड्यात नसते, ती आकड्याखालच्या यादीत असते. त्या यादीत प्रत्येक प्रश्नाची तारीख, विषय, मंत्रालय आणि प्रश्न तारांकित (तोंडी उत्तराचा) होता की अतारांकित (लेखी उत्तराचा), हे सारे दिलेले असते. तेथून मूळ प्रश्नोत्तरापर्यंत जावे. इंग्रजी किंवा हिंदीतल्या त्या कागदावर वर क्रमांक, तारीख आणि विषय असतो, खाली प्रश्न विचारणाऱ्या सदस्यांची नावे असतात, मग मंत्रिमहोदय कृपया माहिती देतील काय, अशी ठरलेली सुरुवात होते आणि प्रश्न चार-पाच पोटभागांत उलगडतो. पहिले पोटभाग बहुधा माहिती मागणारे असतात: असे प्रकार सरकारच्या निदर्शनास आले आहेत काय, असल्यास त्यांचा तपशील काय. खासदाराचा कल दिसतो तो शेवटच्या पोटभागांत. एकाच विषयावर एक सदस्य सरकारी यंत्रणांना दिलेल्या सवलतींना मर्यादा घालणार काय, असे विचारतो, तर दुसरा नवउद्योगांवरील नियमांचे ओझे कमी करणार काय, असे विचारतो. आकड्यांत दोघांच्याही खाती एकेकच प्रश्न जमा होतो.

लोकसभेत एका दिवसाच्या यादीत 20 तारांकित आणि 230 अतारांकित प्रश्न घेतले जातात आणि कोणाचा प्रश्न यादीत येणार हे सोडतीने ठरते. सारख्या विषयावरचे प्रश्न एकत्र करून अनेक सदस्यांच्या नावांवर एकच मजकूर येतो, तेव्हा त्यातले शब्द नेमके कोणाचे, हे कागदावरून कळत नाही. तारांकित प्रश्नावर तोंडी उत्तर मिळाले, तर पुढचे उपप्रश्न मात्र सदस्य स्वतःच्या शब्दांत विचारतो. म्हणून प्रश्नोत्तराच्या तासाचा कामकाजवृत्तान्त काढून वाचण्याचे कष्ट वाया जात नाहीत.

खासगी विधेयकांचा रकाना आपण सर्वांत हलक्यात घेतो आणि माझ्या मते तोच सर्वांत बोलका आहे. आजवर केवळ 14 खासगी विधेयकांचे कायदे झाले आणि त्यांतले शेवटचे 1970 मध्ये संमत झाले, त्यामुळे हे काम निष्फळ समजले जाते. परंतु येथे खासदाराला आपला विचार कलमवार लिहून द्यावा लागतो. बारामतीच्या खासदार सुप्रिया सुळे यांनी डिसेंबर 2018 मध्ये कामाच्या वेळेनंतर कार्यालयाच्या फोनला आणि ईमेलला उत्तर न देण्याचा हक्क कर्मचाऱ्यांना देणारे विधेयक मांडले आणि डिसेंबर 2025 मध्ये ते पुन्हा मांडले. ते कोणाला पटो वा न पटो, या प्रश्नावर त्या कोठे उभ्या आहेत याबद्दल शंका राहत नाही.

मतदानाबाबत मात्र ही सेवा फारशी मदत करू शकत नाही आणि त्याचे कारण सभागृहाच्या पद्धतीत आहे. ऑगस्ट 2023 मध्ये डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण विधेयक दोन्ही सभागृहांत आवाजी मतदानाने संमत झाले, त्यामुळे कोणी कोणत्या बाजूने मत दिले याची नावनिशीवार नोंदच नाही. त्याच्या पुढच्याच महिन्यात महिला आरक्षणाच्या विधेयकावर लोकसभेत मतविभागणी, म्हणजे मते मोजून नोंदवणारे मतदान, झाली आणि 454 विरुद्ध 2 असा निकाल नोंदला गेला. एवढ्या मोठ्या डेटा कायद्याला अशी नोंद लाभली नाही, याची मला खंत वाटते. शिवाय जेथे नोंद होते तेथेही पक्षादेश आणि 1985 चा पक्षांतरबंदी कायदा यांमुळे ते मत सदस्याचे की पक्षाचे, हे सांगणे कठीण असते.

चर्चेच्या यादीतील रिकाम्या जागाही सावधपणे वाचाव्यात. डिसेंबर 2023 मध्ये दूरसंचार विधेयक संमत झाले, त्या अधिवेशनात दोन्ही सभागृहांतील मिळून 146 विरोधी खासदार निलंबित झाले होते. ऑगस्ट 2025 मध्ये ऑनलाइन गेमिंगचे विधेयक लोकसभेत मांडले गेले त्याच दिवशी गदारोळात संमत झाले. अशा दिवशी एखाद्याच्या नावापुढे भाषण दिसत नाही, म्हणून त्याला त्या विषयावर मत नव्हते, असे म्हणता येणार नाही.

समित्यांचे काम या चार रकान्यांत येत नाही, ही मला जाणवलेली सर्वांत मोठी उणीव आहे. 2019 च्या डेटा संरक्षण विधेयकावर संयुक्त समितीने डिसेंबर 2021 मध्ये अहवाल सादर केला, तेव्हा काँग्रेसचे जयराम रमेश आणि मनीष तिवारी यांच्यासह काही सदस्यांनी भिन्न मतपत्रिका, म्हणजे आपली असहमती नोंदवणारी टिपणे, जोडल्या. सरकारी यंत्रणांना कायद्यातून सूट देणारे कलम 35 हा रमेश यांच्या आक्षेपाचा मुख्य मुद्दा होता, तर तिवारी यांनी विधेयकाच्या मूळ रचनेलाच विरोध नोंदवला. एकाच पक्षाच्या दोन सदस्यांमधला हा फरक भाषणांच्या कोणत्याही मोजदादीतून कळला नसता. ते विधेयक ऑगस्ट 2022 मध्ये मागे घेतले गेले, पण त्या मतपत्रिका अहवालात कायम आहेत. खासदाराच्या पानावर त्यांचा नुसता दुवा जरी दिला, तरी वाचकाचे अनेक तास वाचतील.

मंत्री असलेल्या खासदाराचे पान उघडल्यास हे रकाने भरलेले दिसत नाहीत. मंत्री हजेरीपटावर सही करत नाहीत आणि प्रश्नही विचारत नाहीत. ते सरकारच्या वतीने उत्तर देतात. त्यांची भूमिका शोधायची असेल तर संसदेच्या संकेतस्थळावर जाऊन प्रश्नांऐवजी त्यांच्या मंत्रालयाने दिलेली उत्तरे तारखेनुसार लावून वाचावीत.