सासवण्याचं घर : सतरा महिने, सतरा बिजागऱ्या

अलिबाग तालुक्यात, मांडव्याजवळ सासवण्याला घर घेऊन सतरा महिने झाले. अनुभव लिहायचं कधीपासून मनात होतं, मुहूर्त लागला तो गेल्या महिन्यात एसी बंद पडल्यावर. मेची दुपार, सून आणि नातू आलेले, आणि एसी नुसता पंखा झाला. कंपनीला फोन लावला. पलीकडच्या मुलीने मॉडेल नंबर घेतला, बिलाची तारीख घेतली, मग पत्ता विचारला. मी म्हटलं मांडवा जेट्टीजवळ. ती म्हणाली, "म्हणजे समुद्र का सर?" तिच्या त्या सुरातच मला वॉरंटी गेल्याचं कळलं.

मेकॅनिक तीन दिवसांनी आला. बाहेरच्या युनिटची जाळी उघडून बोट फिरवलं तर कॉईलच्या पात्यांची पांढरी पिठी हातात आली. १६ महिन्यांचा एसी. कार्डावर कंडेन्सरला पाच वर्षं ठळक छापलेली आणि खाली मुंगीच्या अक्षरात, खाऱ्या हवेने झालेली झीज सोडून. नवीन कॉईल, गॅस, मजुरी आणि येण्याजाण्याचा वेगळा आकार धरून ११,४०० रुपये. मी भांडलो. भरपूर भांडलो. त्या भांडणाचं पुढे काय झालं ते नंतर सांगतो, कारण त्यात माझीही थोडी गोची झाली आहे.

सात-बारा, एनए (बिनशेती परवानगी), फेरफार, सीआरझेडची (किनारा नियमन क्षेत्राची) भरतीरेषा हे सगळं इथे घर बघणाऱ्याला आता तोंडपाठ असतं, म्हणून त्यात जात नाही. ते वकील बघतो. बिजागरी कोणी बघत नाही. आमच्या घराला खिडक्या-दारं-कपाटं मिळून सतरा बिजागऱ्या अशा आहेत ज्या मी आतापर्यंत बदलल्या किंवा बदलायच्या आहेत. वहीत नोंद आहे. आयुष्यभर गोदीत स्टोअर्स आणि अकाउंट्स केलं, सवय जात नाही.

आणि हीच लाजेची गोष्ट आहे. जहाजाच्या बुडाला झिंकच्या पट्ट्या लावतात, म्हणजे खारं पाणी पोलाद सोडून आधी त्या पट्ट्या खातं. त्या पट्ट्यांची बिलं ३१ वर्षं माझ्या सहीने पास झाली. तोच मी समुद्रापासून २४० मीटरवर, पश्चिमेला तोंड असलेलं घर घेतलं आणि बिल्डरने "सगळं स्टेनलेस आहे साहेब" म्हटल्यावर मान डोलावली. कुठलं स्टेनलेस, हे विचारलं नाही. ३०४ नंबरचं असेल तर इथे वर्षाच्या आत चहा सांडल्यासारखे डाग पडतात. ३१६ लागतं, त्यात मॉलिब्डेनम असतं म्हणून ते तग धरतं. यूपीव्हीसीच्या, म्हणजे कडक प्लास्टिकच्या, खिडक्या गंजत नाहीत हे खरं, पण त्यांच्या आत जी सरकती पट्टी असते तिच्यावर खिडकी तोललेली असते, आणि ती साध्या स्टीलची निघाली. फेब्रुवारीत एक खिडकी उघडली ती माझ्या हातातच आली.

आता जागा कशी निवडली ते. मी माझगावला राहतो. भाऊचा धक्का टॅक्सीने दहा मिनिटं. त्यामुळे लोणावळा, कर्जत वगैरे डोक्यात आलंच नाही. गाडीसकट रो-रोवर, म्हणजे गाड्या नेणाऱ्या बोटीवर, चढायचं, वर डेकवर बसायचं आणि तासाभरात मांडवा. २०२० साली ही सेवा सुरू झाली तेव्हाच ठरवलं होतं की निवृत्तीचे पैसे इकडे लावायचे. २०२३च्या पावसाळ्यानंतर बघायला लागलो.

पहिली जागा रेवसच्या बाजूला, खाडीवर. एजंटचं पालुपद एकच, "दारात बोट लागेल." कोजागिरीच्या दिवशी दुपारी बाराला बोलावलं. गेलो तर पाणी अगदी कुंपणाशी चमकतंय, बगळे बसलेत, बायकोसुद्धा म्हणाली, "अहो, हे घेऊनच टाकू." टोकन द्यायला खिशात हात गेला होता. पण चौल-रेवदंडा बघून परत येताना सहाच्या सुमाराला पुन्हा तिथे थांबलो, संध्याकाळचा फोटो काढायला म्हणून. पाणी गायब. समोर शंभर-दीडशे पावलं नुसता चिखल, त्यात एक होडी कलंडून पडलेली. एजंटला फोन केला तर म्हणे समोरची तिवरं थोडी कापून घेऊ, व्ह्यू मोकळा होईल. कांदळवन तोडण्यावर हायकोर्टाची बंदी आहे हे त्याला मी सांगावं लागलं.

ही युक्ती मला नंतर कळली. इथले लोक तिथीला पाऊणने गुणतात आणि भरतीची वेळ काढतात. अष्टमीला सहा, पौर्णिमेला सव्वाअकरा, अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे. म्हणजे पौर्णिमा-अमावास्येला दुपारी बाराला बोलावलं की खाडी तुडुंब दिसणारच, शिवाय उधाण, म्हणजे पाणी सगळ्यात वर. खाडीवर घर बघायचं असेल तर कॅलेंडर घेऊन बसा आणि अष्टमीला भर दुपारी जा. तेव्हा ओहोटी असते. तेव्हाही जागा आवडली तर घ्या. भागवत साहेबांसारखी एखादी छोटी बोट ठेवायचा विचार असेल तर हा हिशेब दुप्पट लागू. (भागवत साहेब म्हणजे आमचे एक जुने वरिष्ठ. त्यांची बोट अजून ताडपत्रीखाली आहे.)

दुसरी जागा नागावला. वाड्या सुंदर, नारळी-पोफळीची सावली, विहिरीचं पाणी गोड. पण मांडव्यापासून लांब, आणि शनिवार-रविवारी रस्त्यावर गाड्याच गाड्या. सोडली.

तिसरी मापगावला, कनकेश्वराच्या पायथ्याशी. समुद्र दिसत नाही. मी नाक मुरडलं. माझ्या चुलतभावाने तिथेच घर घेतलं, माझ्याच महिन्यात. त्याच्याकडच्या खिडक्यांच्या पट्ट्या त्याच दुकानातल्या, त्याच मालाच्या. आजही तेल न घालता सरकतात. दादाकडे जेवायला गेलो की मी आधी खिडकी उघडून बघतो. वहिनी म्हणतात, भाऊजींना उकडतंय वाटतं.

तर आम्ही घेतलं सासवण्याला. गाव छान आहे, शिल्पकार करमरकरांचं संग्रहालय चालत जाण्यासारखं, तिथली म्हैस बघायला नातू दर खेपेला जातो. गच्चीवरून पाणी दिसतं. त्या दिसण्यासाठी मी दादापेक्षा साडेसात लाख जास्त मोजले.

बोटीबद्दल माझं मत दोनदा बदललं. पहिले चार महिने मी दर शुक्रवारी गाडी रो-रोवर चढवायचो. मग वही काढली. गाडीचं तिकीट, माणसांचं तिकीट, आणि इकडे गाडी दोन दिवस नुसती फाटकात उभी. त्यापेक्षा गेटवेवरून माणसांची बोट, तासाभराचा प्रवास, आणि मांडव्याला उतरल्यावर रिक्षा. अलिबागला जायचं असेल तर काही बोटींच्या तिकिटातच पुढची बस असते. सीगल मागे लागतात, लोक त्यांना शेव टाकतात, ते मला आवडत नाही, पण बाकी मजा आहे. मग १८ डिसेंबर २०२४ला घारापुरीच्या नीलकमल बोटीला नौदलाच्या स्पीडबोटीची धडक बसली आणि बायकोने दोन महिने पाण्यावर पाय ठेवला नाही. आता ती येते, पण लाइफ जाकीट घातल्याशिवाय बसत नाही आणि शेजारच्यांनाही बसू देत नाही.

पावसाळ्यात गेटवेच्या बोटी बंद. जूनपासून ऑगस्टअखेर धरा. रो-रो चालते, पण समुद्र खवळला की ती फेरीसुद्धा रद्द होऊ शकते. मग रस्ता. आमचा ताबा आणि अटल सेतू एकाच महिन्यातले, जानेवारी २०२४. एका बाजूचे २५० रुपये भरून चिर्ल्यापर्यंत, म्हणजे सेतूच्या टोकापर्यंत, माणूस राजासारखा जातो. पुढे पेण, वडखळ, कार्लेखिंड हे आपलं जुनंच. वडखळच्या नाक्यावर सेतूने वाचवलेला वेळ व्याजासकट परत घेतला जातो. एजंट लोक रेवस-करंजा पुलाचं गाणं गातात. रेवस-रेड्डी सागरी महामार्गाचं स्वप्न अंतुल्यांच्या काळापासून ऐकतोय. पुलाचं काम सुरू आहे, होईल तेव्हा होईल, पण न झालेल्या पुलाचे पैसे घराच्या किमतीत आजच का द्यायचे?

पहिल्या पावसाळ्यात मी ठरवलं होतं की हे घर आठ महिन्यांचं आहे, चार महिने कुलूप. ते मत आता मागे घेतो. जुलैमध्ये रस्त्याने पंधरा दिवस येऊन राहिलो आणि तो वर्षातला सगळ्यात चांगला मुक्काम ठरला. समोर भाताची लावणी, गर्दी नाही, मासळी मात्र कमी. आणि गंमत म्हणजे त्या पंधरा दिवसांत एकही बिजागरी कुरकुरली नाही. तेव्हा वाटलं, योगायोग.

इथून एसीच्या गोष्टीकडे परत. भांडण टोकाला गेलं होतं, ग्राहक मंचात जातो इथपर्यंत मी बोललो होतो. मेकॅनिक गरीब मुलगा, तो शांतपणे म्हणाला, "काका, वरचं छप्पर कोणी लावलं?" मी म्हटलं मी. बाहेरच्या युनिटवर मी पत्र्याचं छप्पर आणि तिन्ही बाजूंनी प्लास्टिक ठोकून घेतलं होतं. पावसाने खराब होऊ नये म्हणून. खर्च १,६५०, वहीत आहे. तो म्हणाला, त्यामुळेच गेला.

मला पटेना. संध्याकाळी शेजारच्या नाखव्यांकडे गेलो. ते नेहमीप्रमाणे अंगणात बसले होते आणि त्यांचा मुलगा होडीचं मशीन पिंपातल्या गोड्या पाण्यात बुडवून चालवत होता. हे मी सोळा महिने दर खेपेला संध्याकाळी बघत होतो आणि मला वाटायचं, मशीन टेस्ट करतायत. नाखवा म्हणाले, "अवो सायेब, मशीनला रोज आंघोळ घालायला लागते. नायतर एक सीझन पन काढनार नाय."

मग डोक्यात उजेड पडला. शाळेत भूगोलात घोकलं होतं, दिवसा खारे वारे, रात्री मतलई वारे. पाच मार्कांचा प्रश्न. खारे वारे म्हणजे रोज दुपारी समुद्राकडून येणारी मिठाची बारीक फवारणी, हे पुस्तकात नव्हतं. पावसाळ्यात वारा कितीही असो, पाऊस ते मीठ धुऊन नेतो. खरा छळ फेब्रुवारी ते मे, कोरड्या दिवसांत, जेव्हा थरावर थर बसतो आणि धुणारं कोणी नसतं. आणि जिथे पावसाचं पाणी पोचत नाही, म्हणजे वळचणीखाली, छज्जाखाली, आणि माझ्या पत्र्याच्या छपराखाली, तिथे तर मिठाला बारमाही मुक्काम. मी वही काढून ताडून बघितलं. सतरापैकी तेरा बिजागऱ्या अशा छज्जाखालच्या आहेत. उघड्यावरचं फाटक अजून बरं आहे.

कंपनीवरचा माझा राग त्यामुळे निम्मा झाला. निम्माच. पाच वर्षं ठळक छापायची आणि मीठ बारीक छापायचं, हे मला अजून मान्य नाही, आणि येण्याजाण्याचा वेगळा आकार तर अजिबात नाही. घासाघीस करून ९,८००वर आणलं. छपराचे १,६५० माझ्या खात्यावर. बाहेरचं युनिट आता पूर्वेच्या भिंतीवर आहे, उघडं, आणि आठवड्याला एकदा पाईपने धुतलं जातं. त्याला पाणी गोडं लागतं, म्हणून विहिरीची चव दर महिन्याला घेतो. आमच्या विहिरीचं पाणी मेमध्ये किंचित मचूळ होतं, तेव्हा टाकीचं वापरायचं. हेही घर घेताना बघा. विहीर असेल तर मेमध्ये एक पेला पिऊन बघा, ऑक्टोबरमध्ये सगळ्याच विहिरी गोड असतात.

आज कोणी विचारलं तर मी मांडव्याच्याच बाजूला घेईन, बोटीसाठी. पण किनाऱ्यापासून दीड-दोन किलोमीटर आत, झिराडच्या, मापगावच्या पट्ट्यात, मध्ये झाडी असेल असं. समुद्र बघायला सायकलने जाईन. खोलीत बसून दिसायलाच हवा असा हट्ट असेल तर दर हजार रुपयांमागे शंभर लोखंडासाठी बाजूला ठेवा. तळमजला घ्या, वरच्या मजल्यावर वारा थेट लागतो. दाराला पितळी बिजागऱ्या लावून घ्या, महाग पडतात पण एकदाच. निसर्ग वादळात, जून २०२०मध्ये, या तालुक्यात किती पत्रे उडाले ते गावात विचारा आणि छप्पर बघा. ओट्यावरचं टाइल, मार्बल, मॉड्युलर किचन यांच्याकडे बघूच नका. आमच्या मॉड्युलर किचनच्या ड्रॉवरची पट्टी माझ्या वहीत बारा नंबरची बिजागरी आहे.

यंदा, म्हणजे २०२५ साली, मान्सून २६ मेलाच मुंबईत आला, बोटीही थांबल्या. उरलेल्या सहा पितळी बिजागऱ्या नळबाजारातून आणून ठेवल्यात, त्या माझगावच्या घरात पिशवीत पडून आहेत. दादा पुढच्या शनिवारी गाडीने जातोय. त्याला म्हटलं, घेऊन जा. तो म्हणाला, नेतो की, पण लावायला तूच ये, आणि जेवायला आलास तर खिडक्या उघडू नकोस.