महाबळेश्वरच्या जांभ्याच्या भिंतीवर इलेक्ट्रिक फायरप्लेस : एक हिवाळा, एक पावसाळा

निकाल आधी, कारणं नंतर. 50 इंची, 2,000 वॉटची, भिंतीवर टांगायची इलेक्ट्रिक फायरप्लेस महाबळेश्वरच्या घरात एक हिवाळा आणि पाठोपाठ अख्खा पावसाळा काढून ठणठणीत चालू आहे. पण त्याचं श्रेय पेटीला कमी आणि मागच्या वायरिंगला नि भिंतीतल्या बोल्टांना जास्त. उघडून पाहिलं तर ही वस्तू म्हणजे एलईडीच्या ज्वाळा दाखवणारी पेटी आणि तिच्यात बसवलेला साधा फॅन हीटर. दुकानात सगळे ज्वाळांचे रंग बघत बसतात. विचारायचं असतं ते एवढंच, की गरम हवा कुठून बाहेर पडते.

इलेक्ट्रिकच का, याचं उत्तर थोडक्यात. लाकडाच्या शेकोटीला धुराडं लागतं, ते आधीपासून नसेल तर जुन्या कौलांतून नवीन काढणं म्हणजे गळतीला आमंत्रण. बायोइथेनॉल (स्पिरिटसारखं द्रव इंधन) जाळणारी भिंतीवरची मॉडेलं देखणी दिसतात, पण ती उघडी ज्योत असते. खोलीतला ऑक्सिजन खाते, ओलावा सोडते, आणि उजेडात तिची निळी ज्योत धड दिसत नाही. विझली समजून गरम बर्नरमध्ये इंधन ओतलं की भडका. धुराड्याशिवायचा गॅस हीटर आणि कोळशाची शेगडी बंद खोलीत चालवायचीच नाही. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि झोपलेल्या माणसाला जाग येत नाही. त्या मानाने विजेची पेटी निर्धोक आहे, पण वायरिंग नीट असेल तरच.

ऊब किती मिळते? ढोबळ हिशेब चौरस फुटाला 10 वॉट. 12 बाय 16 ची खोली म्हणजे 192 चौरस फूट, त्यामुळे 2,000 वॉट काठावर पुरतात. हा हिशेब 10 फुटांवर छत असलेल्या बंद खोलीचा. वर नुसती कौलं असतील, खाली सीलिंग नसेल, तर सगळी गरम हवा आढ्यात जाऊन बसते आणि खाली पाय गारच. वेण्णा लेकला दवबिंदू गोठल्याची बातमी येते त्या दिवसांत 14 अंशांवरची सीलिंगची खोली 19–20 वर यायला पाऊण ते एक तास लागतो. सीलिंग नसलेल्या दिवाणखान्यासाठी ही वस्तू घेऊ नये. तिथे शोभा होईल, ऊब नाही.

आता हवेचा झोत. काही पेट्यांत गरम हवा वरच्या कडेतून पुढे येते, काहींत खालून. वर टीव्ही लावायचा असेल तर खालून किंवा समोरून हवा सोडणारीच घ्यावी. वरून सोडणारी असली की वरच्या भिंतीवर काही आठवड्यांत धुळीचा काळपट पट्टा उमटतो आणि टीव्हीची खालची कड गरम होते. सध्या हॉलच्या भिंतीला पीव्हीसी पॅनेल लावायची टूम आहे. त्या पॅनेलवर ही पेटी बसवू नये. गरम झोताच्या वाटेत पॅनेल नरम पडतं, सांध्याशी फुगतं आणि परत सरळ होत नाही. शिवाय पॅनेलला मारलेला स्क्रू वजन पेलत नाही, बोल्ट मागच्या भिंतीत जायला हवा. पेटीच्या भागातलं पॅनेल कापून तिथे सिमेंट बोर्ड लावला तर चालतं.

जागा निवडताना महाबळेश्वरला पहिला नियम पावसाचा. नैर्ऋत्येचा पाऊस ज्या बाहेरच्या भिंतीला झोडपतो, ती भिंत सोडायची. पावसाळ्यापूर्वी गवताने झाकलेली असली तरी तिची ओल आत येतेच. आतली, दोन खोल्यांमधली भिंत सर्वात चांगली. पेटीची खालची कड जमिनीपासून 60 ते 75 सेंटिमीटर ठेवावी, म्हणजे सोफ्यावर बसलेल्याच्या नजरेला ज्वाळा समोर येतात आणि गरम हवाही पायांपासून फार वर राहत नाही. समोर किमान 1 मीटर मोकळी जागा हवी. पडदा, सोफ्याची पाठ, वाळत घातलेले मोजे, काही म्हणजे काही नको. पावसाळ्यात कपडे वाळवायचा मोह सगळ्यांनाच होतो, म्हणून मोज्यांचा उल्लेख.

सर्वात जास्त डोकं लावावं लागतं ते भिंतीला. जुन्या बंगल्यांच्या भिंती जांभ्याच्या. जांभा वरून दगडासारखा दिसतो, पण आत जागोजाग पोकळ्या असतात आणि मधले भाग मातीसारखे मऊ. पेटीसोबत येणारे स्क्रू आणि प्लास्टिकच्या गिट्ट्या विटांच्या भिंतीला ठीक आहेत. जांभ्यात गिट्टी फिरते. लोखंडी फास्टनर त्याहून वाईट, कारण तो फुगून भोकाच्या कडांवर दाब देतो, कडा चुरतात आणि बोल्ट हातात येतो. इथे केमिकल अँकरच (भोकात घट्ट होणाऱ्या रसायनाने चिकटवायचा बोल्ट) लावावा, तोही जाळीच्या नळीसकट, कारण जाळी नसेल तर रसायन पोकळीत वाहून जातं.

पद्धत अशी. ड्रिल मशीनचा हॅमर बंद ठेवायचा, हॅमरने जांभ्याचे टवके उडतात. 16 मिलिमीटरचं भोक 90 मिलिमीटर खोल मारायचं. ही खोली मूळ दगडातली, 20 मिलिमीटर गिलावा त्यात धरायचा नाही. भोकातली भुकटी हातपंपाने उडवायची, तारेचा ब्रश फिरवायचा, पुन्हा उडवायची. ही पायरी मिस्त्री हमखास टाळतात, आणि अँकर सुटतो तो बहुतेक वेळा याच कारणाने, कारण रसायन दगडाला न चिकटता भुकटीला चिकटतं. मग 16 बाय 85 ची जाळीची नळी घालायची, तळापासून रसायन भरत बाहेर यायचं, 8 मिलिमीटरचा आटे पाडलेला रॉड हलकेच फिरवत आत सरकवायचा आणि हात लावायचा नाही. ट्यूबमधून पहिल्यांदा बाहेर येणारा, दोन रंगांच्या रेघा दिसणारा माल फेकून द्यायचा. एकसारखा रंग येईल तेव्हाच तो भरायचा. थंडीत रसायन सावकाश घट्ट होतं, म्हणून ट्यूबवर लिहिलेला वेळ काहीही असो, रात्रभर सोडावं.

50 इंची पेटीचं वजन साधारण 20 किलो असतं. चार रॉड बसले की ब्रॅकेट लावून त्याला 40 किलो वाळूचं पोतं रात्रभर टांगून ठेवावं. सकाळी ब्रॅकेट आणि भिंत यांत फट दिसली नाही तरच पेटी चढवावी. भोकांच्या खुणा खोक्यातल्या छापील कागदावरून न करता प्रत्यक्ष ब्रॅकेट भिंतीला लावून कराव्यात, कारण इथल्या हवेत कागद ओल धरतो आणि दोन-तीन मिलिमीटरने फसवतो. आडवी रेघ पाणसळीने तपासावी. दोन मिलिमीटरचा तिरकेपणा भिंतीवर दिसत नाही, पण ज्वाळांच्या सरळ कडेशी लगेच दिसतो.

आत बसवायची, म्हणजे भिंतीत खोबण करून सपाट दिसणारी मॉडेलंही मिळतात. त्यांना 5 ते 6 इंच खोली लागते. चार इंची विटांच्या भिंतीत ते होणारच नाही, आणि वजन पेलणाऱ्या जांभ्याच्या भिंतीत एवढं मोठं भोक पाडू नये. हौस असेल तर भिंतीपुढे जिप्सम बोर्डाची वेगळी चौकट उभारावी; हवेच्या जाळ्यांपुढे काही येणार नाही याची काळजी घ्यावी.

वायरिंगमध्ये तडजोड नाही. 230 व्होल्टवर 2,000 वॉट म्हणजे 8.7 अँपिअर, तेही तासन्‌तास. 6 अँपिअरच्या सॉकेटचं हे काम नव्हे. डीबीपासून (घरातल्या मुख्य फ्यूज-स्विचांच्या पेटीपासून) वेगळी लाइन काढावी: किमान 2.5 चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर, अंतर लांब असेल तर 4 ची. त्यावर 16 अँपिअरचा एमसीबी (जास्त करंट ओढला की आपोआप पडणारा स्विच) आणि 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच). सॉकेट 16 अँपिअरचं, पेटीच्या मागे नको, बाजूला. हात घालून बंद करता आलं पाहिजे आणि प्लग बोटांनी चाचपता आला पाहिजे. एक्स्टेन्शन बोर्ड नको. इन्व्हर्टरच्या लाइनवर तर नकोच. वायरमन कधीकधी जवळची म्हणून इन्व्हर्टरचीच लाइन ओढतात, ते आधीच सांगून ठेवावं.

अर्ध्या तासाने प्लगला हात लावून पाहावा. कोमट चालेल. हात काढावासा वाटला तर आतला स्क्रू सैल आहे. बसवल्यावर महिन्याभराने प्लगचे आणि सॉकेटचे स्क्रू वीज बंद करून पुन्हा आवळावेत. तांब्याच्या बारीक तारा दाबून दाबून बसतात आणि स्क्रू आपोआप ढिला होतो. काळा पडलेला प्लग दिसतो त्यामागे बहुतेक हेच असतं.

अर्थिंग या भागात नाजूक विषय आहे. जांभ्याचा कोरडा खडक वीज नीट वाहून नेत नाही, त्यामुळे उन्हाळ्याअखेर बऱ्याच घरांचं अर्थिंग नावापुरतं उरतं. मल्टिमीटरने फेज आणि अर्थमध्ये 230 च्या आसपास आणि न्यूट्रल व अर्थमध्ये दोन-तीन व्होल्टच्या आत दिसलं की सुरुवात बरी. खरी तपासणी अर्थ टेस्टरची, ती वायरमनकडून करून घ्यावी. आरसीसीबी याचसाठी, कारण पेटीच्या पत्र्यातला करंट शरीरातून जायला लागला तर तोच तोडतो. त्याचं टेस्ट बटण महिन्यातून एकदा दाबावं.

व्होल्टेज पडल्यावर ऊब किती कमी होते, याचा अंदाज लोकांना नसतो. 190 व्होल्टवर 2,000 वॉटचा साध्या तारेचा हीटर जेमतेम 1,365 वॉट देतो, कारण ताकद व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात घटते. संध्याकाळी सगळ्या हॉटेलांचे गीझर चालू असताना पेटी मंद वाटली तर आधी व्होल्टेज बघा, मग सर्व्हिसवाल्याला फोन करा. याच कारणाने अमेरिकेतून कुणी सामानात आणलेली 120 व्होल्टची पेटी इथे लावायची नाही. तिथल्या 1,500 वॉटच्या हीटरला 230 व्होल्ट मिळाले तर तो साडेपाच हजार वॉट ओढायला जातो आणि जळतो.

घेतल्या दिवशीच एक चाचणी करावी. हीटर चालू ठेवून एमसीबी मिनिटभर बंद करून पुन्हा लावावा. वीज आल्यावर पेटी गप्प राहिली तर उत्तम. हीटर आपोआप सुरू झाला तर ते मॉडेल बंद घरासाठी धोकादायक. शनिवार-रविवारपुरतं वापरायचं घर असेल तर निघताना एमसीबी पाडूनच निघावं.

वापरातल्या तक्रारी. थर्मोस्टॅटचा सेन्सर पेटीच्याच आत असतो, म्हणून तो खोलीपेक्षा दोन-तीन अंश जास्त वाचतो आणि लवकर बंद होतो. 20 अंश हवे असतील तर 22 किंवा 23 लावावे. पंख्याचा आवाज पूर्ण वेगावर ऐकू येतो. टीव्हीचा आवाज वाढवावा लागतो. काही महिन्यांनी घरघर वाढली तर पंख्याच्या नळीत धूळ साठलेली असते. धुळीने हवा अडली की आतला तापमानाचा कटआउट हीटर बंद करतो, ज्वाळा मात्र चालू राहतात, आणि लोकांना वाटतं हीटर गेला. प्लग काढून पंधरा-वीस मिनिटं थंड होऊ द्यावं, जाळ्या व्हॅक्यूमने साफ कराव्यात. साफ करूनही पुन्हा बंद पडत असेल तर कटआउटला वायर जोडून बायपास करू देऊ नये. असं करून देणारे मेकॅनिक भेटतात.

बिलाचं गणित सरळ आहे. पूर्ण ताकदीवर रोज चार तास म्हणजे 8 युनिट, महिन्याला 240. महावितरणच्या घरगुती दरात 100, 300 आणि 500 युनिटांचे टप्पे आहेत. आधीच 150 युनिट जात असतील तर यातली बरीच युनिटं वरच्या टप्प्यात पडतात. थर्मोस्टॅट मध्ये बंद होतो, त्यामुळे प्रत्यक्षात थोडी कमी जातात. नुसत्या ज्वाळा मात्र 10–30 वॉटवर चालतात, मनसोक्त लावाव्यात.

राहिला पावसाळा. जूनपूर्वी प्लग काढून जाळ्या साफ करून सुती कापडाने झाकावं. प्लास्टिक नको, आत घाम धरतो. ऑक्टोबरमध्ये पहिल्यांदा लावताना थेट पूर्ण ताकद देऊ नये. गरम करणाऱ्या तारेभोवतीच्या इन्सुलेशनने ओल धरलेली असते आणि आरसीसीबी पडू शकतो. वायरमनकडे 500 व्होल्टचा मेगर (इन्सुलेशन तपासायचं मीटर) असेल तर काढलेल्या प्लगच्या फेज-न्यूट्रल पिना एकत्र करून अर्थच्या पिनेशी मोजावं. 1 मेगओहमच्या वर आकडा आला की आधी नुसता पंखा, मग अर्धी ताकद, तासाभराने पूर्ण. पहिली दहा मिनिटं धूळ जळल्याचा वास येतो, तेवढ्यापुरती खिडकी उघडावी. वास रबर किंवा प्लास्टिकचा असेल तर लगेच एमसीबी पाडावा. आकडा 1 मेगओहमच्या खाली असेल तर खोलीत दोन दिवस डीह्युमिडिफायर लावून पुन्हा मोजावं, आणि तरीही चढला नाही तर ती पेटी सर्व्हिस सेंटरला द्यावी.