झाडाच्या पोटात उजेड: पानांखालच्या एलईडी पट्ट्या, पावसाळा आणि ऑक्टोबर हीट काढल्यानंतर

बंद खोलीत ढोबळी मिरची घेतली की शेंडा हिरवागार असतो आणि गुडघ्याच्या उंचीवरची पानं मात्र पिवळी पडून गळायला लागतात. बहुतेक जण खत कमी पडलं म्हणून खत वाढवतात. खरं कारण उजेड खाली पोचत नाही हे असतं. त्यावर उपाय म्हणून पानांच्या खालून, वरच्या दिशेने तोंड करून लावायच्या एलईडी पट्ट्या आता आपल्याकडेही मिळतात. त्या मुंबईच्या हवेत महिनोन्‌महिने चालवल्यावर काय टिकलं, काय बिघडलं आणि कोणी त्या घ्याव्यात, ते इथे लिहीत आहे.

मांडणी अशी. उपनगरातल्या इमारतीतली १० बाय १० फुटांची खोली, त्यात ४ बाय ४ फुटांचा टेंट, म्हणजे झाडं वाढवायचा बंद तंबू. ढोबळीची ६ झाडं, १५ लिटरच्या ग्रो बॅगा, कोकोपीट, ठिबक. वर ३०० वॅटचा डिमर असलेला एलईडी बोर्ड. खाली प्रत्येकी २५ वॅटच्या, साधारण ३ फूट लांबीच्या तीन पट्ट्या: ४००० केल्विनचा पांढरा उजेड, मधे मधे ६६० नॅनोमीटरचे लाल डायोड, आयपी६५ दर्जा (पाणी-धूळ आत न शिरू देण्याचं माप). दिवे १४ तास, अंधार १० तास.

आधी हिशोब, कारण सगळा खेळ त्यावरच आहे. बोर्ड पूर्ण ताकदीवर असताना शेंड्यापाशी साधारण ५०० मायक्रोमोल (झाडाला उपयोगी उजेडाचं माप, दर चौरस मीटरला दर सेकंदाला) मिळतात. झाडं भरात आली, पानांचं एकूण क्षेत्रफळ खालच्या जमिनीच्या चौपट झालं, की त्यातले सहा-सात टक्केच तळाशी उतरतात, म्हणजे ३० ते ३५. एवढ्यात पान स्वतःचा खर्च जेमतेम भागवतं, फळाला द्यायला त्याच्याकडे काही उरत नाही, आणि झाड ते टाकून देतं. उलट शेंड्याच्या पानांना ५०० मधले शेवटचे १०० फारसे उपयोगी पडत नाहीत, कारण ती तृप्तीच्या जवळ पोचलेली असतात, याहून जास्त उजेड त्यांना फारसा वापरता येत नाही. तेच १०० तळाच्या पानाला मिळाले तर त्यातला जवळजवळ प्रत्येक कण कामी येतो.

म्हणून माझं ठाम मत: पट्ट्या वरच्या दिव्यात भर म्हणून लावू नका, वरच्या दिव्यातून काढून खाली द्या. बोर्ड ३०० वरून २४० वॅटवर आणला, पट्ट्या ८० टक्क्यांवर म्हणजे ६० वॅटवर ठेवल्या. शेंड्यापाशी ४००, तळाच्या पानांच्या खालच्या अंगावर सरासरी १००. दिवसभराची बेरीज दोन्हीकडे सारखीच, चौरस मीटरला सुमारे २५ मोल. वीजबिल तेवढंच. फरक एवढाच की तळाची पानं टिकली आणि खालच्या दोन पेरांवरची फळं, जी एरवी लिंबाएवढी राहून रंग धरायच्या आत सुरकुततात, ती पूर्ण भरली. रंगही आधी चढला. त्यात उजेडाइतकाच फळापाशी राहणाऱ्या उबेचाही हात असतो.

कल्पना नवी नाही. अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठातल्या संशोधकांनी चवळीवर हेच केलं होतं, त्याचे निष्कर्ष २००० साली छापून आले. तेव्हा पानांच्या गर्दीत फ्लुरोसंट नळ्या सोडल्या होत्या, आणि आतली पानं उशिरा पिकली. फिनलंड आणि नेदरलँड्सच्या काचघरांत काकडी-टोमॅटोच्या ओळींमध्ये दिवे लावण्याची पद्धत रुळलेली आहे. पण तिथे बाहेर थंडी असते, दिव्याची ऊब त्यांना हवी असते. आपल्याला तीच ऊब पैसे देऊन बाहेर काढावी लागते. हा फरक विसरून तिकडचे आकडे इकडे लावले की फसगत होते.

भर म्हणून ६० वॅट लावलेच तर १४ तासांत ०.८४ युनिट, महिन्याला २५ युनिट. ती सगळी वीज शेवटी उष्णताच होते आणि ती उपसायला एसी आणखी तिसरा हिस्सा खातो, म्हणजे ३३-३४ युनिट धरा. बिल वरच्या स्लॅबमध्ये गेलं असेल तर हा आकडा बोचतो.

बसवताना पट्टी कुंडीच्या काठापासून १५ ते २० सेंटिमीटर वर आणि सगळ्यात जवळच्या पानापासून २५ ते ३० सेंटिमीटर लांब हवी. जवळ आली की पानाच्या त्या भागावर फिकट चट्टा पडतो. पट्टी थेट ग्रो बॅगेवर ठेवली तर कोकोपीट तापतं आणि मुळं नाराज होतात. दोन ओळींच्या मधून, अ‍ॅल्युमिनियमच्या एल-पट्टीवर केबल टायने बांधलेली सगळ्यात सोयीची: झाडं वाढली की टाय कापून एक वीत वर सरकवता येते. एल-पट्टी, टाय, ग्लँड (वायर आत शिरते ते भोक घट्ट बंद करणारा नट) हे सगळं मुंबईच्या लोहार चाळीत मिळतं. ड्रायव्हर (पट्ट्यांना योग्य वीज पुरवणारा डबा) आणि वायरींचे चांगले वॉटरप्रूफ जोड लॅमिंग्टन रोडला बघा.

पट्ट्या पहिल्या दिवसापासून लावायची घाई नको. रोपं लहान असताना खालचा उजेड फक्त बुडाचे फुटवे जागे करतो आणि ते खुडत बसावं लागतं. रोप लावल्यापासून पाच-सहा आठवड्यांनी, वरून पाहिल्यावर कुंड्या दिसेनाशा झाल्या की सुरू करा, आणि तेही टप्प्याने: तीन-चार दिवस २५ टक्के, मग ५०, मग ८०. सावलीला सरावलेल्या पानावर एकदम जोराचा उजेड पडला की ते पांढुरकं होतं आणि परत हिरवं होत नाही.

मोजायला पार मीटर (मायक्रोमोल थेट दाखवणारा) नसेल तर लक्स मीटर चालेल, फक्त पांढऱ्या दिव्यासाठी. ४००० केल्विनच्या उजेडात लक्सला ६७ ने भागलं की मायक्रोमोल साधारण कळतात. ६७०० लक्स म्हणजे १००. मीटरचं तोंड खाली करून पानाच्या खालच्या अंगाशी धरायचं, वर करून नव्हे, नाहीतर वरचाच दिवा मोजला जातो. जांभळ्या-गुलाबी दिव्यांना हा भागाकार अजिबात लागू नाही. ते गुलाबी दिवे घेऊच नयेत असं मला वाटतं. पांढऱ्या उजेडात पानाची खालची बाजू उलगडून दिसते: शिरेच्या कडेला लाल कोळ्याचे ठिपके, त्यांचं बारीक जाळं, फुलकिड्यांनी खरवडलेला चंदेरी पट्टा. भिंग न लावता कीड सुरुवातीलाच सापडणं, हा या पट्ट्यांचा जाहिरातीत न लिहिलेला मोठा फायदा आहे. आणि त्याची गरजही पडते, कारण पट्टीलगतची हवा उबदार आणि कोरडी राहते. कोळ्याला ती जागा मानवते.

कडुलिंबाचं तेल फवारायचं तर खालचे दिवे बंद झाल्यावरच. तेल लागलेल्या पानावर जवळून उजेड पडला की पान करपतं. दुसऱ्या दिवशी पट्टीची काच, खरं तर प्लास्टिक, सौम्य साबणाच्या पाण्याने पुसून घ्या. तेलाचा थर आणि ठिबकच्या शिंतोड्यांचे पांढरे क्षार दोन्ही मिळून उजेड बराच खातात. पंधरवड्याला एकदा मऊ फडका फिरवला की पुरे.

बिघाड म्हणाल तर डायोड एकही गेला नाही. गेले ते वायरींचे जोड. ऐन पावसाळ्यात मधली पट्टी लुकलुकायला लागली. जोड उघडला तर आतल्या पितळी पिनेवर हिरवट पूड, रबरी वायसरच्या आत पाण्याचा एक थेंब. दिवा चालू असताना पट्टी तापते, बंद झाला की आतली हवा आकसते आणि बाहेरची दमट हवा आत ओढली जाते. त्यात समुद्राचा खारेपणा. आयपी६५ म्हणजे पाण्याच्या फवाऱ्यापासून संरक्षण, रोजच्या या श्वासोच्छ्वासापासून नाही. विक्रेत्याने पाणी शिरलं म्हणून वॉरंटी नाकारली, तेव्हा खरेदीआधी ही अट लेखी विचारून घ्या.

उपाय सोपा आहे. जोड आयपी६७ चे घ्या, पिनेवर डायइलेक्ट्रिक ग्रीस लावा, जोडाचं तोंड जमिनीकडे ठेवा आणि वायरला जोडाच्या खाली एक झोळ द्या, म्हणजे ओघळ जोडात न जाता झोळाच्या तळातून टपकतो. सिलिकॉन लावणार असाल तर व्हिनेगरसारखा वास येणारं अजिबात नको. त्यातलं आम्ल तांबं खातं. न्यूट्रल क्युअर लिहिलेली ट्यूब मागा. ड्रायव्हर टेंटच्या बाहेर, भिंतीवर. खते-पाणी, ओले हात आणि वीज एकाच ठिकाणी असल्याने ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) आणि खरी अर्थिंग याला पर्याय नाही. जुन्या इमारतीत थ्री-पिनचं तिसरं भोक कित्येकदा नुसतंच असतं, इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या.

पाण्याचं वेळापत्रक बदलतं, हे कोणी सांगत नाही. तळाची पानं जागी झाली की तीही पाणी उडवायला लागतात. झाडं पाणी जास्त आणि क्षार त्या मानाने कमी उचलतात, टाकीतला ईसी, म्हणजे द्रावणातल्या क्षारांचं प्रमाण दाखवणारा आकडा, चढतो. २.२ वर चालणारं द्रावण १.८-१.९ वर आणावं लागलं. दुसरं, कॅल्शियम पाण्याबरोबर पानांकडे पळतं आणि फळाला कमी पडतं. ढोबळीच्या फळाच्या बुडाशी तपकिरी, मग काळा, चामड्यासारखा डाग दिसला की समजायचं. पालिकेचं पाणी मृदू, त्यात मुळातच कॅल्शियम थोडं. कॅल्शियम नायट्रेटचं द्रावण वेगळ्या टाकीत ठेवा, सल्फेट-फॉस्फेटच्या तीव्र द्रावणात मिसळलं की चुन्यासारखा साका बसतो. टँकरचं किंवा बोअरचं पाणी असेल तर हिशोब उलटा, आधी टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) मोजा. आणि जिथे उजेड तिथे शेवाळ: ग्रो बॅगांचं तोंड काळ्या-पांढऱ्या फिल्मने झाका, काळा भाग आत, आणि पारदर्शक ठिबक नळ्या काढून काळ्या टाका. उघडं ओलं कोकोपीट ठेवलं तर आठवड्यात हिरवं होतं आणि चिलटं येतात.

जुलै-ऑगस्टमध्ये खरी परीक्षा आर्द्रतेची. एक लिटर पाणी पानातून उडालं की हवेत गेलेली ती वाफ परत पाणी करताना एसीला ०.६८ युनिट उष्णता उपसावी लागते. भरातली सहा झाडं दिवसाला सहा-नऊ लिटर सहज उडवतात. इन्व्हर्टर एसी २६ अंशांवर लावला की खोली थंड होताच कॉम्प्रेसर मंदावतो आणि ओल तशीच राहते. ड्राय मोड किंवा वेगळा डिह्युमिडिफायर लागतोच. लक्ष्य २६ अंशांना ६५ ते ७० टक्के. ८५ च्या वर गेलं की पानं पाणी उडवू शकत नाहीत, कॅल्शियमची अडचण आणखी वाढते. दिवे बंद झाल्यानंतरचा अर्धा तास सगळ्यात वाईट, तेव्हा पानांवर दव धरतं. त्यासाठी वरचा बोर्ड आधी बंद, खालच्या पट्ट्या अर्ध्या तासाने, आणि तळाशी ६ इंचाचा क्लिप फॅन रात्रभर चालू. दोन टायमर लागतात, पण बुरशीचा त्रास यानेच आवरला.

पालक, लेट्यूस, मेथी, मायक्रोग्रीन घेणाऱ्यांनी यावर एक रुपया घालू नये. तिथे खालचं पान म्हातारं होण्याआधीच कापणी होते. लवंगी मिरचीची पानं बारीक, उजेड आपसूक झिरपतो, फायदा थोडाच. टोमॅटोत तळाची पानं आपण तशीही काढतो, तेव्हा पट्टी तळाला नव्हे, झाडाच्या मध्यावर टांगावी लागते. काकडी आणि ढोबळी, दाट आणि रुंद पानांची, हीच याची हक्काची पिकं. त्यातही वरचा दिवा आधीच कमजोर असेल, शेंड्यापाशी ३०० सुद्धा मिळत नसतील, तर आधी तो बदला.

घेताना डिमर वेगळा मिळतो का, पट्टी एकेकटी बदलता येते का हे पाहा. साखळीतल्या शेवटच्या पट्टीचं मोकळं टोक बंद करायची टोपी खोक्यात आहे ना, तेही बघा. ती नसेल तर पहिला ओलावा तिथूनच शिरतो.