मामा आडमुठे, पायताण एक नंबर

चार स्टार देतोय, पाचवा का कापला ते शेवटी सांगतो. कोल्हापुरात भवानी मंडपाजवळ चप्पल लाईनीत गेल्या महिन्यात पायताण, म्हणजे कोल्हापुरी चप्पल घ्यायला गेलतो, दुकानाचं नाव लिहीत नाही, परत जायचंय मला तिथं. मी ९ नंबर घालतो म्हणून ९ मागितला, तर दुकानदार मामांनी एकदा पायाकडं बघितलं आणि ८ पुढं सरकवला. म्हटलं मामा घट्ट होतंय, तर म्हणाले, "हुनारच की, चामडं हाय, चार दिसात सैल हुतंय." मग खाली रबर लावून द्या म्हटलं, पावसात बरं पडंल, त्यालाही नाही. "पावसात घालायचीच न्हाई." शेवटी माझ्या तोंडातनं गेलंच, एवढा कसला हो आडमुठेपणा! मामा हसले नुसते, ८ नंबर पिशवीत.

पुण्याचा एक मित्र सोबत होता, तो म्हणे आडमुठा म्हणजे हट्टीच ना? नाही हो. हट्ट बारकी पोरं करतात, फुगा मिळाला की मिटलं. जिद्द तालमीतल्या पैलवानाची, ते कौतुक झालं. आडमुठा म्हणजे तुमचं बरोबर आहे हे पटलं तरी जागचा न हलणारा, गल्लीत गाडी आडवी लावून वर "जावा की बाजूनं" म्हणणारा. शिवी नाही तशी, पण तोंडावर बोलायच्या आधी माणूस बघावा लागतोय. आणि अडेलतट्टू अजून वेगळा, चालता चालता मधेच पाय रोवून बसणारं तट्टू ते.

तर मामा आडमुठे आणि चप्पल अडेलतट्टू. पहिले पाच दिवस अंगठ्यापाशी अशी चावली की विचारू नका, रोज रात्री खोबरेल चोळायचो, सहाव्या दिवशी गपकन बसली. ९ घेतली असती तर आत्ता पायातनं निसटत असती, हे मामांना अजून सांगितलेलं नाही. शिलाई सगळी चामड्याच्या वादीची, खिळा एक नाही. २०१९ ला कोल्हापुरीला जीआय (भौगोलिक मानांकन, म्हणजे ठराविक भागात बनलेल्या मालालाच ते नाव) मिळाला, त्यात महाराष्ट्रातले ४ आणि कर्नाटकातले ४ जिल्हे आहेत (हे कट्ट्यावर सांगून बघा, आडमुठे किती निघतात ते कळंल).

पाचवा स्टार गेला तो पैशापायी. फोनवरनं पैसे घेत नाहीत, भर उन्हात एटीएम शोधत फिरलो. रोख घेऊन जावा आणि नंबरावरनं वाद घालू नका.