घरच्या कापडी डायपरला वेल्क्रो की टिचबटणं?

दुडदुडणारं मूल सांभाळत डायपर शिवणाऱ्या एका मैत्रिणीला हाच प्रश्न पडलाय. शिवायला वेल्क्रो सोपं: पट्टी ठेवायची, चारही कडांनी मशीन मारायची, झालं. प्लॅस्टिकच्या टिचबटणांना ती दाबून बसवायची खास पक्कड लागते आणि आतून कापडाचा जादा थरही, नाहीतर ओढून ओढून बटणापाशी कापड फाटतं. मेहनत आहेच. पण धुण्यात वेल्क्रो मार खातं. त्याच्या बारीक हुकांत दोरे, केस अडकून पकड सुटते. पट्टी उघडी राहिली तर शेजारचे कपडेही ओरबाडते. शिवाय हाताला चाळा लागलेलं मूल ते चर्रकन ओढून मोकळं होतं! तान्ह्यासाठी, झटपट बदलायला वेल्क्रो ठीक. चालत्या मुलाला मात्र टिचबटणंच लावा. पुढे बटणांची लांब रांग दिली की कंबर वाढली तरी तोच डायपर बसतो.