यूकेत जुनी स्पोर्ट्स कार आणि तिची एक्स्टेंडेड वॉरंटी : ५ पैकी २ स्टार

पाच महिने भांडून झाल्यावर लिहितोय त्यामुळे जरा लांबेल. स्लाउ, रेडिंग, मिल्टन कीन्स भागातली आपली बरीच मंडळी हल्ली हौसेने जुनी स्पोर्ट्स कार घेतात आणि डीलर म्हणतो काळजी नको, १२ महिन्यांची वॉरंटी आहे, इंजिन कव्हर्ड आहे. मीही तेच ऐकून सही केली. त्यांच्यासाठी हा रिव्ह्यू.

गाडी २००९ची, दोन दरवाज्यांची, मार्चमध्ये डीलरकडून १८,५०० पौंडाला घेतली. मेक मुद्दाम लिहीत नाही कारण गाडी बनवणाऱ्या कंपनीबद्दल माझी तक्रारच नाहीये, आधीच्या कुणीतरी ऑइल वेळेवर बदललं नव्हतं, सर्व्हिस बुकात सलग दोन वर्षं एकही शिक्का नव्हता आणि मी ते बघूनही रंगावर भुललो.

जुलैच्या शेवटी एम४ मोटरवेवर रेडिंगच्या अलीकडे इंजिनातून टाकटाक आवाज यायला लागला, गती वाढवली की आवाज वाढायचा. कडेला सुरक्षित जागी घेऊन बंद केली, पण त्याआधी आवाज मोबाईलवर रेकॉर्ड केला आणि काकांना पाठवला. काकांचं कोल्हापूरला गॅरेज आहे, तीस वर्षं इंजिनकामं काढतायत, त्यांचा लगेच फोन, "अरे कनेक्टिंग रॉडचं बेअरिंग वाजतंय, आता चावीला हात लावू नकोस, टो करून ने." पिस्टनला क्रँकशी जोडतो तो हा रॉड, आणि त्याच्या टोकाची गुळगुळीत कडी म्हणजे ते बेअरिंग. काकांचं ऐकलं म्हणून क्रँक (इंजिनाचा मुख्य फिरणारा दांडा) वाचला, नाहीतर रॉड ब्लॉक, म्हणजे इंजिनाचा मुख्य सांगाडा, फोडून बाहेर आला असता आणि मग अख्खं इंजिनच बदलावं लागलं असतं.

आता वॉरंटी कंपनी. आधी चांगलं सांगतो, कारण ते खरं आहे. मे महिन्यात अल्टरनेटर (बॅटरी चार्ज करणारा भाग) गेला होता तेव्हा यांनी दोन दिवसांत मंजुरी दिली, गॅरेजला थेट पैसे दिले, फोनवरची मुलगी अगदी नीट बोलली. दोन स्टार त्याचेच आहेत. छोट्या कामाला ही वॉरंटी उपयोगी पडली.

इंजिनाचं नाव काढल्यावर मात्र सगळं फिरलं. पहिलं म्हणजे इंजिन खोलून बघायचा खर्च मालकाने आधी मंजूर करायचा, क्लेम पास झाला तर ते देणार, नाही झाला तर आपल्या बोकांडी. माझे ११०० पौंड त्यातच गेले. दुसरं, एका क्लेमची मर्यादा ३००० पौंड, आणि स्पेशालिस्टने पूर्ण कामाचा आकडा दिला ९४००, म्हणजे क्लेम पास झाला असता तरी ६४०० माझेच. हे सगळं पॉलिसीत स्वच्छ लिहिलेलं होतं, बारीक अक्षरात पण नव्हतं, मी वाचलं नव्हतं एवढंच. तिसरं म्हणजे तीन आठवड्यांनी त्यांचा इंजिनिअर आला, खोललेलं इंजिन बघून वीस मिनिटांत गेला आणि सप्टेंबरमध्ये पत्र आलं : बेअरिंगची झीज बऱ्याच काळापासून हळूहळू होत आलेली आहे, अचानक झालेला बिघाड नाही, म्हणून कव्हर नाही.

त्या रात्री खरंच झोप आली नाही. पण बायकोने पत्र दोनदा वाचलं आणि म्हणाली, अरे झीज बऱ्याच काळापासून आहे असं हेच लिहून देतायत, म्हणजे आपण गाडी घेतली तेव्हाही ती होतीच ना. बास, इथून सगळी केस पालटली.

इथला कंझ्युमर राइट्स ॲक्ट २०१५ सांगतो की डीलरकडून घेतलेल्या वस्तूत सहा महिन्यांच्या आत दोष निघाला तर तो विकतानाच होता असं धरून चालायचं, तसं नव्हतं हे डीलरने सिद्ध करायचं. पहिल्या ३० दिवसांत निघाला तर गाडी परत देऊन पैसे मागता येतात, त्यानंतर आधी दुरुस्तीची एक संधी डीलरला द्यायची. वॉरंटी असो नसो, हा हक्क वेगळा आहे आणि वॉरंटीमुळे तो जात नाही. फक्त गाडी डीलरकडून घेतलेली हवी, एखाद्याच्या घरून थेट घेतली तर हे लागू नाही. माझा डीलर महिनाभर एकच सांगत होता की वॉरंटीवाल्यांशी बोला. मग मी डिपॉझिटचे ५०० पौंड क्रेडिट कार्डने भरले होते ते आठवलं. किंमत १०० पौंडाच्या वर आणि ३०,००० पर्यंत असेल आणि त्यातला थोडा भाग जरी क्रेडिट कार्डने दिला असेल तर कन्झ्युमर क्रेडिट ॲक्ट १९७४च्या कलम ७५ खाली कार्डाची बँकही पूर्ण रकमेला जबाबदार असते, डेबिट कार्डाला हे नाही. बँकेने स्वतंत्र तपासणीचा रिपोर्ट मागितला, मी तो आणि वॉरंटी कंपनीचं ते पत्र जोडून दिलं, आणि डिसेंबरमध्ये दुरुस्तीचे आणि खोलण्याचे सगळे पैसे मिळाले. वॉरंटी कंपनीकडून इंजिनापोटी एक पेनीसुद्धा नाही.

वॉरंटी इन्शुरन्सवर आधारलेली असेल तर तक्रार फायनान्शियल ऑम्बड्समनकडे (ग्राहक आणि वित्त कंपन्यांमधले वाद सोडवणारी संस्था) फुकट नेता येते, पण आधी कंपनीला आठ आठवडे द्यावे लागतात आणि त्यांचं अंतिम उत्तर आल्यापासून सहा महिन्यांच्या आत जावं लागतं. ती पत्रं जपून ठेवा.

आता घ्यायच्या आधीचं. गाडीप्रमाणे दुखणं वेगळं असतं, ते माहीत करून घ्या. पोर्शेच्या १९९७ नंतरच्या बॉक्स्टर आणि ९११ मधल्या एम९६ इंजिनाचं आयएमएस बेअरिंग (इंजिनातल्या मधल्या शाफ्टचं) बिघडण्यासाठी प्रसिद्धच आहे, त्यावर अमेरिकेत ग्राहकांचा सामूहिक दावा झाला आणि २०१३ मध्ये तडजोड झाली. त्याच घराण्यातल्या इंजिनांत सिलिंडरवर ओरखडे पडतात, ते बोअरस्कोप घालून दिसतात, दुर्बीण घालून पोट तपासतात तसंच. २००९ मॉडेलपासूनच्या नव्या इंजिनात ते बेअरिंगच नाही. व्ही८ बीएमडब्ल्यू एम३ला रॉड बेअरिंगकडे लक्ष. माझदा आरएक्स-८ला रोटरी इंजिनाची (पिस्टनऐवजी फिरत्या रोटरवर चालणारं) खास कॉम्प्रेशन टेस्ट, म्हणजे आत दाब किती टिकतो ती तपासणी, केल्याशिवाय पैसे देऊच नका, अमेरिकेत माझदाने त्या इंजिनाची वॉरंटी वाढवून ८ वर्षं किंवा एक लाख मैल केली होती यावरून काय ते समजा. ऑइलचा नमुना लॅबला पाठवता येतो, त्यात शिसं आणि तांबं जास्त निघालं तर बेअरिंग झिजतंय असा संशय घ्यायचा. मी हे मार्चमध्ये केलं असतं तर गाडी तिथेच सोडून आलो असतो.

बाहेरच्या वॉरंटीपेक्षा गाडीच्या कंपनीची स्वतःची मिळत असेल तर आधी ती बघा, महाग पडते आणि आधी तपासणी करून घेतात, पण त्या तपासणीतच निम्मी भीती जाते. आणि कुठलीही असो, सही करायच्या आधी तीन प्रश्न ईमेलवर विचारा, फोनवर नको : झीज कव्हर आहे का, एका क्लेमला जास्तीत जास्त किती, आणि खोलायचा खर्च कोणाचा. यावेळी मी चार कंपन्यांना विचारलं, दोघांनी उत्तरच दिलं नाही, एकाने ब्रोशर पाठवलं, चौथ्याने तिन्ही प्रश्नांना सरळ उत्तर दिलं आणि मर्यादा गाडीच्या किमतीइतकी लिहून दिली. वर्षाचे २०० पौंड जास्त लागले, तरी तिचीच घेतली.

गाडी आता नव्या बेअरिंगवर १००० मैल चाललीय, काल ऑइल बदललं आणि जुन्या ऑइलची बाटली लॅबला पोस्ट केली. रिपोर्ट आला की खाली टाकतो, आणि कुणाला डीलरला लिहिलेलं माझं पत्र नमुना म्हणून हवं असेल तर सांगा, नावं काढून देतो.